गावानेच निवडलेला

गुरुवारी संध्याकाळी श्यामकांत सुर्वे सौदीतल्या दम्मामच्या घरी आला, पण टेकला म्हणून नाही. चहा उभ्यानेच घेतला. मग खिडकी ते दार, दार ते खिडकी सुरू. त्याची बायको नंदा थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का आज?" तो हसलासुद्धा नाही. आता काय सांगणार तिला?

रास अल खैरच्या कामगारांच्या कॅम्पात हा कॅम्प बॉस. ऐकायला केवढं भारी! काम काय, तर कुणाचा एसी बिघडला ते बघायचं, चादरी वाटायच्या आणि अधूनमधून खोल्यांची झडती घ्यायची. खोलीत स्वयंपाक करायचा नाही, सगळ्यांनी मेसमध्येच जेवायचं, असा कंपनीचा नियम. कारण आगीचं सांगतात, पण खरं कारण मेसचा ठेकेदार. माणसं खोलीत जेवली तर त्याचं ते पिवळं पाणी डाळ म्हणून खाणार कोण? पण कोकणातल्या माणसाला खोबऱ्याच्या वाटणाशिवाय घास उतरत नाही. म्हणून गुहागरच्या बाळारामने पलंगाखाली मिक्सर ठेवलेला. तो झडतीत सापडला, आणि तोही दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा सापडला की माणूस घरी, एक्झिट, खलास. मिक्सरने कसली डोंबलाची आग लागते, हे विचारायची सोय नाही.

श्यामकांतने मिक्सर जप्त केला, पण कुणाचा ते वर सांगितलं नाही. मॅनेजर यासीन हैदराबादचा, बोलायला मोठा गोड. "शाम भाई, इतवार को नाम बता दो. नहीं तो मैं समझूँगा, कंट्रोल तुम्हारे बस का नहीं." म्हणजे कॅम्प बॉसची जागा गेली. जागा गेली की फॅमिली व्हिसा गेला आणि नंदा नि मुलगी श्रुती देवरुखला परत, ऐन अकरावीत. इकडे बाळाराम, तिकडे घर. बसवेल का हो माणसाला?

श्रुती टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. "पप्पा, माझं संडेला प्रेझेंटेशन आहे. मिडीव्हल युरोप. तुमच्यावर प्रॅक्टिस करू?"

"कर." हे चालता चालताच.

पोरीचं बोलणं म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजीची खिचडी, पण सांगत होती छान. गाव सगळं लॉर्डचं. जमीन त्याची, माणसंही जवळजवळ त्याचीच. त्याला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. दळण न्यायचं ते त्याच्याच चक्कीवर आणि पिठातला वाटा त्याला द्यायचा. घरात जातं सापडलं तर जप्त.

श्यामकांत थांबला. "जातं?"

"हां, हातानं फिरवायचं. एका मठाच्या महंताने तर अख्ख्या गावाची जाती गोळा करून आपल्या बैठकीत त्यांची फरशी घातली. खूप वर्षांनी लोक आत घुसले आणि ती फरशीच उखडली त्यांनी."

"बरं केलं," नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पण जाती काढायला घरोघर जायचं कोण? लॉर्ड स्वतः?"

"छे, तो कशाला जाईल? त्याचा रीव्ह असायचा, म्हणजे मुकादम टाइप. शेतकऱ्यांतलाच एक. खूपदा गावच निवडायचं त्याला. आपला माणूस असला की सांभाळून घेतो ना."

"आणि त्याला काय मिळायचं?"

"लॉर्डच्या शेतावरची फुकटची मजुरी माफ."

श्यामकांतला आपली जुनी खोली आठवली. तो पूर्वी रिगर होता, क्रेनला वजनं बांधायचा आणि बाळाराम नि दापोलीचा हनीफ यांच्याच खोलीत राहायचा. कॅम्प बॉसची जागा रिकामी झाली तेव्हा हेच दोघे यासीनकडे गेले होते. श्यामभाऊंना करा म्हणाले, आपला माणूस आहे.

"मग पुढे?" त्याने विचारलं. आवाज जरा चढलाच.

"पुढे सगळं बदललं. शहरं वाढली, बाजार वाढले, लोकांच्या हातात पैसा आला. मजुरीऐवजी ते लॉर्डला पैसे द्यायला लागले. कितीतरी जण शहरात पळून गेले. काही ठिकाणी वर्षभर राहिलं की फ्री."

"आणि कफीलने पळाल्याची तक्रार केली तर?"

"पप्पा, कफील इथे, व्हिसा देणारा मालक. तिथे लॉर्ड."

"तेच ते. त्या रीव्हचं काय झालं शेवटी?"

श्रुतीने पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आली. "वो तो नहीं दिया है."

शुक्रवार-शनिवार त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. नंदाशी उगाच खेकसला. एकदा कारण नसताना गाडी धुऊन आला. हजार वेळा ठरवलं की नाव सांगायचं नाही, आणि हजार वेळा श्रुतीच्या दप्तराकडे बघून ते मोडलं.

रविवारी त्याने नाव सांगितलं. उगाच लपवाछपवी कशाला करा? यासीनच्या टेबलापुढे उभा राहिला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. यासीनने त्याच्यासाठी चहा मागवला. तो तसाच टेबलावर ठेवून हा बाहेर पडला.

बाळारामची एक्झिट लागली. त्याला दम्मामच्या विमानतळावर पोचवायचं काम श्यामकांतने मागून घेतलं. जिवाला शांती नव्हती, दुसरं काय. दुपारची वेळ, दोन्हीकडे वाळू आणि विजेचे मनोरे. पुढच्या सीटवर बाळाराम पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"श्यामभाऊ, तुम्ही तीन दिवस माझं नाव दाबून ठेवलंत. कळलं मला."

श्यामकांतने पुढच्या ट्रकला मागे टाकलं.

"पण खोलीतलाच फितला. हनीफ. तो म्हणायचाच, तुझा मिक्सर तुला गोत्यात आणणार. काल सामान बांधताना दिली त्याच्या थोबाडीत, सगळ्यांसमोर. एक शब्द बोलला नाही. एवढी वर्षं एका खोलीत राहिलो हो आम्ही."

विमानतळाची पाटी दिसली. आता थोडंच उरलं होतं. गप्प बसलं असतं तर बाळाराम विमानात चढला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. हे मनात आलं आणि श्यामकांतला स्वतःची किळस आली. त्याने गाडी कडेला घेतली.

"बाळाराम, नाव मी सांगितलं."

बाळारामने मांडीवरची पिशवी खाली पायाशी ठेवली. शिवी देईल, दार उघडून उतरेल, असं श्यामकांतला वाटलं. निदान तेवढं तरी कर बाबा, असंही वाटलं. बाळाराम म्हणाला, "त्याला फोन लावा. माझ्यादेखत सांगा."

श्यामकांतने फोन लावून स्पीकरवर ठेवला. हनीफने लगेच उचलला. "भाऊ, पोचलात काय? त्याला म्हणावं, बॅगेच्या वरच्या कप्प्यात डबा ठेवलाय. सकाळपासून उपाशी आहे तो."

"हनीफ, ऐक. बाळारामचं नाव मी दिलं होतं. तू नाही, मी."

"कालही ठाऊक होतं मला," हनीफ म्हणाला. "पण त्याला सांगू नका, भाऊ. त्याचा तुमच्यावर फार जीव आहे."