बागेत झोपू नये

निधी दुपारची झोपत नाही, हे मुग्धाने एव्हाना मान्य करून टाकलं होतं. रात्रीही ती झोपायची ती आईवर उपकार केल्यासारखी, तुकड्यातुकड्यांत. दुपार झाली की ते सव्वा वर्षाचं पिल्लू दाराशी जाऊन बसायचं आणि आपली एक चप्पल आईला आणून द्यायचं. चला, असा त्याचा अर्थ.

पण चला म्हणजे कुठे? समोरच बाग होती. मोठं पाऊसझाड, झोपाळा, वाळूचा खड्डा, सगळं होतं. फक्त उन्हं वर आली की फाटकाला जे कुलूप लागायचं, ते संध्याकाळीच निघायचं. मग या दोघी मायलेकी गजांना धरून उभ्या राहायच्या आणि आतल्या रिकाम्या झोपाळ्याकडे बघत बसायच्या. दुपारचे ते तास संपता संपत नसत. नवरा ऑफिसात, माहेर पुण्यात, आणि बंगळुरात वर्ष काढूनही शेजारच्या दाराआड कोण राहतं ते मुग्धाला ठाऊक नव्हतं. दुपारची बाग मिळाली नाही तर आपण एक दिवस लेकीच्या बरोबरीने भोकाड पसरू, अशी तिची खात्री होत चालली होती.

कुलूप रहिवासी संघाचं होतं. म्हणून मुग्धा संघाच्या बैठकीला गेली.

या संघाची एक रीत होती. जो प्रश्न विचारील, त्याच्याच गळ्यात ते काम. त्यामुळे जुनीजाणती मंडळी बैठकीत मान खाली घालून खाराभात, म्हणजे इथला तिखट उपमा, खायची आणि घरी जायची. मुग्धाला कुणी हे सांगितलं नव्हतं. ती सरळ उभी राहिली आणि दुपारी बाग बंद का असते, असं विचारती झाली. सभागृहात चमचे थांबले. दोघीतिघींनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं.

अध्यक्ष होते सुब्बाराव. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, तरी घरात मराठी. आणि सगळी हयात पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका मशीनशॉपमध्ये फोरमन म्हणून गेलेली. तिथे एकदा पेंगणाऱ्या कामगाराचं बोटाचं पेर गेलं होतं. तेव्हापासून मिटलेले डोळे दिसले की सुब्बारावांच्या अंगावर काटा यायचा. बैठकीत कुणाची पापणी जड झाली तरी ते बोलायचे थांबत. दुपारी बाग उघडी ठेवली तर लोक येऊन झोपतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"माणसं आडवी झाली की बागेची धर्मशाळा होते, बघ मुली," ते म्हणाले. "पंधरा दिवस उघडतो. लक्ष तू ठेवायचं. एक जरी माणूस झोपलेला सापडला, तर कुलूप परत."

चिटणीस वादिराज यांनी ते घाईघाईने लिहून घेतलं. आपल्या गळ्यात काही पडलं नाही, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मुग्धा लेकीला कडेवर घेऊन गस्त घालू लागली. आता पाऊसझाडाची सावली, वर वारा, आणि सकाळपासून गाडी हाकून दमलेले डिलिव्हरीवाले. ते हेल्मेट उशाला घ्यायचे आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायचे. वर्षभर स्वतः न झोपलेल्या बाईला लोकांच्या झोपा मोडायचं काम मिळालं होतं. तिला अगदी खाटकासारखं वाटायचं.

मग शारदाक्का आल्या. बागेच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. मुलं चिकपेटेत साड्यांच्या दुकानात, म्हणून दुपारभर त्या एकट्या.

"असं हलवून काय उठवतेस गं?" त्या म्हणाल्या. "स्वल्प कॉफी पाज की. आणि हाताला काही तरी काम दे."

त्यांनी थर्मास उघडला, खडूने बाकावर चौकाबाऱ्याचा पट आखला आणि कवड्या टाकल्या. दोन दिवसांत पटाभोवती झुंबड उडाली. डिलिव्हरीवाले एका बाजूला, कॉलनीतल्या आजीबाई दुसऱ्या बाजूला, आणि सोंगटी मेली की नाही यावर कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत भांडणं. घरून काम करणारे लॅपटॉप घेऊन येऊ लागले. मुग्धाच्या डोक्यावर वर्षभर खुर्ची सरकवणारा वरच्या मजल्यावरचा प्राणी म्हणजे एक लाजाळू तरुण निघाला. निधीला झोपाळ्यावर झोके तोच देऊ लागला. अशा कलकलाटात कोण झोपतो?

शेवटच्या दिवशी संध्याकाळी निकाल लागायचा होता. नेमकी आदल्या रात्री निधीची दाढ शिवशिवत होती. मुग्धाने रात्र येरझाऱ्यांत काढली. दुपारी निधीला मांडीवर घेऊन ती बाकावर जराशी टेकली. जराशीच.

जाग आली ती मांडी हलकी लागली म्हणून. ती दचकून उठली. निधी नव्हती. ओरडणार तोच शारदाक्कांनी ओठांवर बोट ठेवलं आणि समोर दाखवलं.

समोरच्या बाकावर सुब्बाराव खांबासारखे ताठ बसले होते. त्यांच्या खांद्यावर निधी गाढ झोपली होती, आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर लाळेचा ओघळ उतरत होता.

शारदाक्कांनी कानात सांगितलं ते असं. सुब्बण्णा पाहणीला आले, तर राखणदारीणच तोंड उघडं टाकून झोपलेली. ते गरजणार, इतक्यात निधीने त्यांच्याकडे हात पसरले. तिला घेऊन ते फेरी मारायला निघाले, आणि अर्ध्या फेरीतच पोरीने खांद्यावर डोकं टाकलं.

मुग्धाचा चेहरा उतरला. "चूक माझीच, अण्णा," ती पुटपुटली. "कुलूप लावा हवं तर. आणा तिला इकडे."

"हळू," सुब्बाराव ओठ न हलवता म्हणाले. "हलवलं तर उठेल?"

"उठेलच."

"मग राहू दे. किती वेळ झोपते ही?"

"काय सांगू? दुपारची आजवर कधी झोपलीच नाही."

"एक झोपलेली तुझ्या खांद्यावरच आहे की रे, सुब्बण्णा," शारदाक्का म्हणाल्या. "आधी तिला पकड."

सुब्बारावांनी निधीखालचा हात बेताने सावरला.

संध्याकाळी वादिराज त्यांना शोधत आले आणि मागोमाग सगळी समिती. अध्यक्षांनी भुवईने खूण केली तशी मंडळी गवतावर बसली. या संघात टँकरच्या पाण्यापासून कुत्र्यांच्या पट्ट्यापर्यंत एकही ठराव आरडाओरड्याशिवाय झाला नव्हता. आज ऐकू यावं म्हणून सगळे डोक्याला डोकं लावून बसले. गाडी लावण्यावरून अबोला धरलेले दोघे शेजारी तर एकमेकांच्या कानात बोलत होते. मुग्धाच्या बाजूने कोण कोण कुजबुजलं, ते तिला कळलंही नाही.

"तर बाग दुपारी उघडी," सुब्बाराव शेवटी म्हणाले. "आणि झोपू नये, हे लिहा."

सगळ्यांची तोंडं उतरली. सुब्बारावांनी खांद्यावरच्या टाळूकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

"पण झोपलेल्याला उठवायचं नाही. तेही लिहा."

वादिराजांनी लिहिलं आणि ठरावाला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं हळूच सुचवलं. गवतावरचे सगळे हात वर गेले. मुग्धाने तर दोन्ही केले. तेवढे अध्यक्षांचे हात खालीच राहिले, कारण ते निधीखाली अडकले होते.

वादिराज नियमाला पक्के. ते अण्णांच्या कानाशी वाकले.

"अध्यक्ष तटस्थ, असं लिहू का?"

सुब्बारावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पीण्यातलं अख्खं मशीनशॉप बंद पडलं असतं. निधीने झोपेतच कूस बदलली आणि त्यांची कॉलर मुठीत धरली.