पूर्वपक्षाची खुर्ची

मित्रांनो, ठाण्यातल्या एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात मी राहते. मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझे तीन पाय जन्मापासूनचे, चौथा नंतरचा. कॉलेजात माझ्याहून देखण्या, गोल फिरणाऱ्या खुर्च्या पुष्कळ आहेत. पण जिच्यावर बसताना मुलांच्या छातीत धडधडते अशी खुर्ची मी एकटीच!

मला घडवणारा सुतार मोठा हौशी होता. काचकागदाने घासून झाले की तो माझ्या हातांवर स्वतःचा गाल टेकवून पाहायचा. कुठे टोचले की पुन्हा घासायचा. मग माझी बैठक वेताने विणली गेली आणि मी कॉलेजात आले. माझे काम काय, तर परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकांना बसवणे. सगळे गप्प, मुले माना खाली घालून लिहिताहेत आणि मी कंटाळले आहे, अशी माझी बरीच वर्षे गेली.

एकदा माझा पाय मोडला. तोवर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या. मला जिन्याखाली ढकलले आणि माझ्यावर गॅदरिंगचे जुने फलक रचले. वेत फाटला, धूळ साचली. तिथून रोज शेकडो पाय जाताना दिसत, थांबत मात्र कोणी नसे.

थांबल्या त्या जोविटा मॅडम. त्या तत्त्वज्ञान शिकवतात. त्यांचे भाऊ गिल्बर्ट होड्या दुरुस्त करतात. मॅडमनी मला टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेले. गिल्बर्टमामांनी होडीच्या उरलेल्या लाकडाचा पाय मला बसवला, नवा वेत विणून घेतला आणि म्हणाले, "घे बाय, आता हिच्यावर हत्ती बसव."

हत्ती नाही बसला. पण मुले बसू लागली. आणि काय सांगू, मला नवे आयुष्यच मिळाले!

तत्त्वज्ञान म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. खरे कशाला म्हणायचे, चांगले कशाला म्हणायचे, मी म्हणजे नक्की कोण, असले प्रश्न तुम्ही विचारता ना? आणि मोठी माणसे म्हणतात, "गप जेव." तेच प्रश्न मोठेपणी नीट, चिकाटीने विचारायचे, तो हा अभ्यास. आपल्याकडे जुन्या काळी वाद करणाऱ्यांची एक रीत होती. समोरच्याचे म्हणणे खोडण्याआधी ते स्वतःच्या तोंडाने पूर्ण मांडायचे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मॅडमनी ती रीत वर्गात आणली आणि त्यासाठी मला मधोमध ठेवले. माझ्यावर जो बसेल त्याने समोरच्याची बाजू मांडायची. समोरचा "हो, मला हेच म्हणायचंय" असे म्हणेपर्यंत उठायचे नाही!

पहिल्या वर्षाच्या वर्गात वर्तकनगरची हेमांगी होती. हुशार, पण अबोल. एकदा वाद माझ्यावरूनच सुरू झाला. डोंबिवलीचा मुकुल म्हणाला, "पाय नवीन, वेत नवीन. मग ही तीच जुनी खुर्ची कशी?"

मित्रांनो, मी हादरलेच! इतकी वर्षे मी मीच आहे अशी माझी खात्री होती.

हेमांगीला त्याचे पटत नव्हते. मॅडमनी तिला माझ्यावर बसवले. ती घाबरत, अडखळत मुकुलची बाजू मांडू लागली. बोलता बोलता तिचा आवाज चढला, हात हलू लागले. वस्तू म्हणजे तिचे भागच, भाग बदलत गेले की आपण फक्त जुने नाव नव्या वस्तूला चिकटवत राहतो, इथपर्यंत ती पोहोचली.

"अगं, हेच म्हणायचंय मला!" मुकुल ओरडला. "यार, तू तर माझ्यापेक्षा भारी बोललीस."

"आता खोडू का?"

"खोड ना."

"तुझे दुधाचे दात पडले, उंची वाढली, दाढीपण फुटतेय थोडी थोडी. मग पहिलीतला मुकुल वेगळा आणि तू वेगळा? त्याला शाळेत मिळालेलं बक्षीस परत करशील?"

वर्ग खदखदून हसला. मुकुल डोके खाजवत म्हणाला, "थांब, उद्या उत्तर देतो." हेमांगी माझ्यावरून उठली ती हसतच. त्या दिवशी तिने ठरवले की पहिल्या वर्षानंतर मुख्य विषय तत्त्वज्ञानच घ्यायचा.

घरी मात्र नकार आला. तिचे बाबा हरिहरराव एका कंपनीत नोकरीला. त्यांचे म्हणणे, अर्थशास्त्र घे. रोज वाद, रोज रुसवा. विषय कळवण्याची मुदत संपत आली तेव्हा ते मॅडमना भेटायला थेट वर्गातच आले.

"मॅडम, तुम्ही आमच्या मुलीचं डोकं फिरवलंत," असे म्हणत त्यांनी जवळची खुर्ची ओढली आणि बसले.

ती खुर्ची म्हणजे मी!

वर्गात सगळे श्वास रोखून पाहू लागले. हेमांगी किंचाळली, "बाबा, उठा!"

"का? मोडकी आहे का?"

"मोडकी नाही हो," मॅडम हसू दाबत म्हणाल्या, आणि त्यांनी नियम सांगितला. "पण तुम्ही पाहुणे. तुम्हाला सक्ती नाही."

"त्यात काय अवघड आहे? माझीच मुलगी आहे." हरिहरराव सरसावून बसले. "हिला अभ्यास कमी हवाय."

"नाही," हेमांगी म्हणाली.

"मैत्रिणींनी घेतलाय म्हणून."

"नाही, बाबा."

"मग आमच्याशी वाद घालता यावा म्हणून!"

"काका, तो बोनस आहे," मागून मुकुल पुटपुटला. हेमांगी हसली नाही. हरिहररावांनी माझे हात घट्ट धरले. उठून जातील, असे मला वाटले. ते उठले नाहीत.

"बारावीला हिला चांगले मार्क पडले," ते हळूहळू म्हणाले. "पेढे वाटले आम्ही. ही खोलीत रडत होती. म्हणे, बाबा, मी सगळं लिहून आले, पण त्यातलं मला काय पटलंय ते मला कोणी विचारलंच नाही. मी म्हटलं, वेडी आहेस." त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. "इथे विचारतात. म्हणून हिला इथे राहायचंय. हल्ली जेवताना बोलते. आधी ताट घेऊन खोलीत जायची."

"हो, बाबा," हेमांगी म्हणाली. "मला हेच म्हणायचंय."

मग तिने बाबांना हात देऊन उठवले आणि स्वतः माझ्यावर बसली. "आता तुमची बाजू. तुम्ही या विषयाला हसत नाही. तुमची आधीची कंपनी बंद पडली होती तेव्हा तुम्ही रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचात, आम्हाला कळू नये म्हणून. तशी वेळ माझ्यावर येऊ नये, म्हणून तुम्ही घाबरता."

हरिहरराव खिडकीकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"हे म्हणायचंय का, ते सांगा."

"हो गं. हेच."

"याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, बाबा. पुढे शिकवीन, वकिली करीन, नक्की माहीत नाही. पण शोधायला मी घाबरणार नाही."

मग हरिहररावांनी रुमालाने तोंड पुसले. "मॅडम, तिने निवडलंय ते राहू दे. काळजी मी करीन, विषय तिला करू दे."

वर्गात असा जल्लोष झाला की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. मला टाळ्या वाजवता येत नाहीत, पण होडीच्या लाकडाचा तो पाय नक्कीच कुरकुरला!

मित्रांनो, जिन्याखाली टाकलेल्या एखाद्या जुन्या खुर्चीवरची धूळ पुसा, तिचा सैल झालेला पाय वेळेवर ठोकून घ्या. लाकूड फार सोशिक असते. थोड्या काळजीवर वर्षानुवर्षे टिकते. माणसांमधली ओढ तेवढी सोशिक नसते. म्हणून घरात किंवा मैदानात भांडण पेटले, की ओरडण्याआधी कुठलीही एक खुर्ची ओढा. तिच्यावर बसा आणि ज्याचा राग आला आहे त्याचे म्हणणे त्याच्यासमोर मांडून पाहा. पहिल्यांदा चुकेल, दुसऱ्यांदाही चुकेल. तरी उठू नका!