चार अर्धे आणि एक बोकड

"मामा, वायरीतून गेलेला आवाज माझ्या तावडीतून सुटत नाही," निषाद म्हणाला. "तुमच्या फोनचं दुखणं मी मुळापासून काढलंय. साहेबांना येऊ दे, पुराव्यासकट ऐकवतो."

निषाद हिंजवडीत नेटवर्कचं काम करतो. जयसिंगमामांचा मुळशी धरणाकाठी रिसॉर्ट आहे. तिथून धरण झकास दिसतं, पण मोबाईलला रेंज नाही. म्हणून निषादनं मामांना इंटरनेटवर चालणारे फोन बसवून दिले होते. रिसेप्शनला एक, किचनला एक, वरच्या घरात मामीला एक. सेटमध्ये एक जास्तीचा आला, तो मामांनी शेळ्यांच्या गोठ्यात लावला. फुकट ठेवायचा कशाला?

बसवल्यापासून आवाज तुटत होता. आणि आज एका मोठ्या कंपनीचे अभय साहेब जागा बघायला येणार होते. पसंत पडली तर वर्षभर दर शनिवार-रविवार कंपनीची माणसं इथंच राहायला येणार. अट एकच, फोन चालले पाहिजेत. मामांनी या बुकिंगच्या भरवशावर नव्या गाद्या आणून ठेवल्या होत्या. त्यांचं प्लॅस्टिक काढायची हिंमत मात्र अजून झाली नव्हती.

निषाद आदल्या दिवशीच आला. त्यानं कसलीशी सेटिंग बदलली आणि सकाळी सगळ्यांना सांगून टाकलं, "आज टेस्टिंग आहे. फोनवरचं बोलणं लॅपटॉपमध्ये टिपून घेतोय, मग परत वाजवून बघणार."

आचारी कुशाबानं हे ऐकून दाढी केली.

सकाळी एकाच वेळी दोन फोन झाले. मामांनी रिसेप्शनवरून किचनमध्ये कुशाबाला गाठलं, साहेबांच्या जेवणाचं विचारायला. मामींनी, म्हणजे साळूबाईंनी, वरच्या घरातून गोठ्यातल्या गड्याला, जनार्दनला लावला, त्यांच्या लाडक्या बोकडाचं विचारायला. आवाज खणखणीत! निषादनं स्वतःची पाठ थोपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता यात एक गंमत असते. अशा फोनवरचं बोलणं टिपलं की दोन्हीकडचा आवाज वेगवेगळा येतो. एका फोनचे दोन अर्धे. दोन फोन म्हणजे चार अर्धे. ते स्क्रीनवर एकाखाली एक दिसतात, जोडीनं खूण करायची आणि वाजवायचं. कुणाचा अर्धा कुठला हे सुरुवातीला ऐकून कळतं, पण ते दुसऱ्या गावात. आमच्याकडे फोनवर नाव सांगायची पद्धतच नाही. जो तो "हां, बोल" म्हणतो आणि थेट कामाला लागतो. त्यात कुशाबा आणि जनार्दन, दोघांच्याही गालात चोवीस तास तंबाखूचा बार. मामांचा आवाज निषादनं लगेच ओळखला. खालच्या अर्ध्यातला तंबाखूही त्याला ओळखीचा वाटला.

अभय साहेब आले. नीट राखलेली दाढी, पायात पांढरे बूट. आल्या आल्या म्हणाले, "जागा छान आहे हो. पण फोनचं काय? आमच्या यादीत दोन रिसॉर्ट आहेत, जेवणाच्या आत ऑफिसला कळवायचंय."

"सर, ऐकाच," म्हणत निषादनं लॅपटॉप हॉलच्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि वाजवलं.

"हां, बोल," स्पीकरमधून मामा म्हणाले. "सायेब येत्यात आज. खायाचं काय?"

"लिंबाचा पाला टाकलाय," उत्तर आलं. "कालची सुबाभळ निस्ती हुंगली."

साहेबांनी मामांकडं बघितलं. मामांनी निषादकडं.

"बसवायचं कुटं त्यास्नी?"

"खुंट्याला बांधलेला बरा. सोडला की शिंगं मारतो."

"जरा नीटनेटकं दिसाया पायजे बरं का."

"दाढीत गोचीड झाल्यात. औषध चोळतो दुपारच्याला."

साहेबांचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"बंद कर रं!" मामा ओरडले. "सायेब, आईशप्पथ, मी असलं बोललोच न्हाई!"

"आवाज तर तुमचाच आहे."

"आवाज माजा हाय, बोलणं माजं न्हाई!" मामा किचनच्या दाराकडं धावले. "कुशाबा! ए कुशाबा! हिकडं ये आदी!"

कुशाबा हातातला झारा घेऊनच आला. स्पीकरमधलं ऐकून म्हणाला, "मालक, मी सायबाला पाला कशाला घालीन? मसाला वाटून ठिवलाय सकाळधरनं."

"तू काय शिकून आलास रं?" मामा निषादवर घसरले. "माज्या तोंडात दुसऱ्याचंच घालतुयास!"

आता निषादच्या डोक्यात उजेड पडला. "एक मिनिट, एक मिनिट! जोडी चुकली. सर, हा जनार्दन आहे, गोठ्यातला. ते बोकडाबद्दल होतं. थांबा, उरलेले दोन लावतो, म्हणजे खात्री पटेल."

खरं तर योग्य जोडी लावायची होती. पण घाईत माणूस उरलेलंच उचलतो. आणि नेमक्या त्याच वेळी साळूबाई चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आल्या.

"हां, बोल," स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला. "काय म्हन्तोय माजा राजा?"

"सकाळीच कापला," कुशाबाचं उत्तर. "पाच किलोचा भरला."

ट्रे टेबलावर आदळला.

"ठिवलाय कुटं?"

"पान्याकाठी. निम्मा कढईत, डोकं रश्श्याला."

"दाढी बघ रं त्याची."

"केली की! सायेब येनार म्हनून सकाळीच केली."

"मुडद्या!" साळूबाई खऱ्याखुऱ्या कुशाबावर धावल्या. "माज्या लेकराला कापलास? पाच किलोचा कसा भरंल? पंचवीस किलोचा व्हता त्यो!"

"वैनी, मासा! कटला व्हता, धरणातला!" कुशाबा टेबलाभोवती पळत होता. "आन् दाढी माजी केली!"

साळूबाईंनी ऐकायला थांबायचं कारणच नव्हतं. त्या तशाच गोठ्याकडं पळाल्या.

निषादनं मग हळूच, एकेक अर्धा तपासून, मामा आणि कुशाबाची खरी जोडी लावली. मासा, मसाला, पाण्याकाठची बैठक, सगळं खणखणीत ऐकू आलं. अभय साहेब आधी खांदे हलवत हसले, मग रुमाल काढून डोळे पुसत हसले.

"मामा," ते म्हणाले, "आमच्या मीटिंगमध्ये रोज हेच चालतं. एकाचा प्रश्न, दुसऱ्याचं उत्तर. फक्त आमच्याकडे कढईत काही नसतं. आवाज मात्र एकदम क्लिअर आहे तुमचा. द्या फोन, ऑफिसला सांगून टाकतो."

मामांनी खोल्या आवरणाऱ्या राजूला डोळ्यानंच खूण केली, जा, गाद्यांचं प्लॅस्टिक काढ. राजू पळाला.

साहेबांनी रिसेप्शनचा फोन लावला. "हॅलो, अभय बोलतोय. हो, मुळशी. जागा बघितली. फायनल करण्याआधी थोडं ऐका..."

तिकडं गोठ्यात बोकड खुंट्याला धडधाकट उभा होता. साळूबाईंनी त्याच्या गळ्यात पडून आधी रडून घेतलं, मग त्याचे दोन मुके घेतले आणि कौतुकानं त्याचा दोर सोडला.

फोनची निळी वायर गेटपासून रिसेप्शनपर्यंत गोठ्याच्या भिंतीवरून आणलेली होती. निषाद म्हणाला होता पाइपातून नेऊ; मामा म्हणाले होते, पाइप कशाला? त्या वायरीवर जागोजागी दातांच्या खुणा होत्या. आज सकाळपासून बोकड बांधलेला होता, तेवढा वेळ आवाज तुटला नव्हता.

बोकड सरळ वायरीकडं गेला. साळूबाईंनी ती त्याच्या तोंडातून ओढली. बोकडानंही ओढली.

"हॅलो?" साहेब म्हणाले. "हॅलो?"

साहेब गाडी काढून रेंजसाठी पौडपर्यंत गेले. तोवर ऑफिसनं यादीतला दुसरा रिसॉर्ट बुक केला होता आणि राजूनं चाळीस गाद्यांचं प्लॅस्टिक काढून बोकडाला दिलं होतं.