टेकडीची मागची बाजू

"कशाला त्रास घेताय?" असं मला कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. खाणवाल्या कंपनीच्या मॅनेजरला हे ठाऊक नव्हतं, बिचारा.

त्याच्या कंपनीने सरकारी टेकडी दगडासाठी पोखरली होती. काम संपल्यावर ती पुन्हा हिरवी करून द्यायची, नाहीतर कंपनीने आधीच भरलेली अनामत जप्त करून आमचं खातं त्या पैशांतून ती सावरणार, असा करार. आज शेवटची पाहणी होती. मी सही केली की अनामत परत, आणि मग टेकडीसाठी दुसरीकडून फुटकी कवडी मिळणार नव्हती. पायथ्याच्या वस्तीत माझी आत्या राहते. दगडाच्या भुकटीने तिथला झरा बुजला, तेव्हापासून मी भेटले की ती माझ्या खात्याचा उद्धार करते.

आमच्याकडे पाहणी म्हणजे काय, तर जीप थांबते त्या उंचवट्यावर उभं राहून नजर फिरवायची आणि चहा प्यायचा. वर्षानुवर्षं असंच चाललंय. खाली हिरवंगार गवत होतं, रोपांच्या रांगा होत्या. सोबत आलेले माझे साहेब खूश झाले.

"उत्तम! करून टाका सही."

"जरा खाली जाऊन येते," मी म्हटलं.

मॅनेजर लगबगीने आडवा आला. "कशाला त्रास घेताय मॅडम? चपला खराब होतील."

झालं! मी चपला काढून हातात घेतल्या आणि तरातरा उतरू लागले.

वळण ओलांडलं आणि जागीच थबकले. गवत तिथेच संपलं होतं, सुरीने कापल्यासारखं. पुढे नुसता उघडा खडक आणि चिखलाचं डबकं. मागे वळून पाहिलं, तर उंचवट्यावरचे साहेब दिसेनात. मग डोक्यात प्रकाश पडला. साहेबांना जेवढी दिसते, तेवढीच टेकडी या बहाद्दरांनी हिरवी केली होती!

माझी छाती धडधडायला लागली. रागाने नाही हो, आनंदाने! चोर मुद्देमालासकट सापडला होता.

"साहेब, खाली या!" मी ओरडले.

"इथून काही दिसत नाही!" वरून आवाज आला.

"म्हणून तर या!"

साहेब धापा टाकत, घसरत आले. त्यांचे बूट चिखलात रुतले. त्यांनी खडकाकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि त्यांचे कान लालबुंद झाले.

"आधीच्या पाहण्या मीच केल्या होत्या," ते हळूच म्हणाले.

"साहेब, पुढच्या महिन्यात आम्ही नक्की..." मागोमाग उतरलेल्या मॅनेजरने तोंड उघडलं.

"लिहा मॅडम," साहेब गरजले. "अनामत जप्त. सगळी!"

मी जप्तीचा शेरा लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली. तिथूनच मी आत्याला फोन लावला.

"आत्या, टेकडी आपली झाली!"

"अगं, ती कालही आपलीच होती," आत्या म्हणाली. "झाडं कधी लावायची तेवढं सांग. मी पदर खोचलाय."