हनीफचा साउंड

पहिलं सांगून टाकतो, माझं नाक हनीफनंच फोडलं. त्यात खोटं काही न्हाई. पण त्या दिवशी सगळ्या मांडवाला माझ्याकडून जे पाहिजे होतं, ते मात्र खोटं होतं.

माझ्या भाचीचं, अक्षराचं लग्न होतं. पाव्हणे नांदेडचे, म्हणून लग्नही नांदेडलाच, एका लॉनवर. अक्षराचा बाप ती लहान असतानाच गेला. बहीण राजकन्या दोन्ही लेकरं घेऊन माझ्याकडं लातूरला आली, अन् अक्षरा आणि तिचा भाऊ गोलू माझ्याच घरात वाढले. म्हणजे मी मामा बी आणि बाप बी. नवरीचा हात धरून तिला मांडवात मामानं आणायचं असतं. तेवढ्या एका कामासाठी मी नवाकोरा सफारी शिवून घेतला होता.

साउंड हनीफचा होता. मीच ठरवला होता. हनीफ माझा नांदेडच्या कॉलेजातला दोस्त. तेव्हा आमचा बँड होता, 'पंचेचाळीस डिग्री' नावाचा. हनीफ गिटार वाजवायचा आणि मी माईकवर बोंबलायचो. बोंबलायचो म्हणजे खरंच, घसा सोलून निघेस्तोवर. हेवी मेटल म्युझिक म्हणजे काय, हे नांदेडात तेव्हा चार जणांना ठाऊक असंल, अन् त्यातले तिघं आमच्याच बँडमध्ये होते. पुढं मी लातूरला डाळ मिलमध्ये सुपरवायझर झालो. दिवसभर मिलचा खडखडाट. घरी आलो की कसलाच आवाज नको वाटायचा. बायकोनं रेडिओ लावला तरी तिच्यावर खेकसायचो.

सकाळी पाव्हणे मागं जेवणघरात नाश्त्याला गेले होते. हनीफ स्टेजजवळ 'हॅलो, चेक, चेक' करून राहिला होता. दाढी पांढरी झालेली, पण हसला की तोच हनीफ.

"शिवा, थांब यार. एक चीज ऐकवतो," म्हणाला, अन् पेनड्राइव्ह लावला.

आमचीच कॅसेट! कॉलेजच्या मागच्या खोलीत भरलेली, त्यानं पेनड्राइव्हवर उतरवून आणलेली. आईशप्पथ सांगतो, स्टेजचं प्लायवूड थरथरायला लागलं. अन् त्या आवाजाच्या मधोमध मी होतो, विशीतला मी, गुरासारखा हंबरत. च्यायला, हा मी हाय? मिलमालकाला जे कधी बोलता आलं न्हाई, मेव्हण्याला उचलून नेणाऱ्या देवाला जे बोलायचं राहून गेलं, ते सगळं हे पोरगं आधीच बोंबलून मोकळं झालं होतं. मला त्याचा राग आला अन् त्याच्यावर जीवही आला. डोळ्यांत पाणी कधी आलं कळलं बी न्हाई.

तेवढ्यात हनीफनं खांद्यानं मला धडक दिली. आमची रीतच होती ती. गाणं चढलं की एकमेकांवर जीव खाऊन आदळायचं. नियम एकच, पडला की त्याला लगेच उचलायचं. मी हनीफला उलटी धडक दिली, तो स्पीकरवर आपटला. तो पळत आला, मी पळत गेलो, अन् त्याचं कपाळ थेट माझ्या नाकावर बसलं. कट्कन वाजलं. दोघंही आडवे झालो, मी खाली, तो वर. सफारीवर रक्ताची धार लागली अन् मी हसून राहिलो होतो. कित्येक वर्षांत इतका हसलो नव्हतो.

अन् नेमका त्याच वेळी गोलू आला, मागं त्याचे तीन दोस्त. त्यांनी काय पाहिलं? खाली मामा, तोंड रक्तानं माखलेलं, अन् छाताडावर हनीफ. हनीफच्या जागी मांडववाला पंढरी असता ना, तर पोरांनी आधी विचारलं असतं, काय झालं म्हणून. हनीफला कुणी विचारलं न्हाई.

पहिली लाथ त्याच्या पाठीत बसली. हनीफ उठला, वळला, अन् हसला. त्याला वाटलं, पोरं खेळायला आली! दोन्ही हात पसरून म्हणतो कसा, "आओ रे, आओ!" गोलूनं तोंडावर बुक्की घातली. दात लाल झाले तरी गडी हसतोच हाय. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली, तसा तो खाली बसला, मग आडवा झाला. आडवा झाल्यावर त्यानं एक हात वर केला. उचला म्हणून. त्या हातावर गोलूनं बूट दिला. तेव्हा कुठं त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. ते जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी ओरडून राहिलो होतो, "थांबा रे, दोस्त हाय माझा!" पण स्पीकरमधून मीच त्याच्या दसपट ओरडत होतो. माझं मलाच ऐकू येईना, पोरांना काय येणार? एकानं लोखंडी खुर्ची उचलली अन् हनीफच्या कानावर घातली.

मग माझं डोकं गेलं. माईकचा स्टँड हातात आला. कुणाला मारतोय ते कळलं न्हाई असं म्हणायची सोय होती, पण मला चांगलं कळत होतं. समोर गोलू होता. ज्याला मी सायकल शिकवली, त्याच्या हाताचं हाड माझ्या एका दणक्यात मोडलं. तो किंचाळला, तरी मी स्टँड परत वर उचलला. पंढरीनं मागून येऊन कमरेला मिठी मारली म्हणून पोराचं डोकं वाचलं. कुणीतरी वायर उपटली अन् गाणं बंद पडलं.

पाव्हण्यांनी पोलीस बोलावले. जमादार येऊन बाहेर खुर्चीत बसले, अन् राजकन्यानं मला नवरीच्या खोलीत ओढलं.

"दादा, एवढंच सांग. हनीफनं तुला मारलं अन् गोलूचा हात बी त्यानंच मोडला. तुझं नाक हाय की पुराव्याला. न्हाई तर माझं पोरगं आत जातंय. अन् नवरीचा भाऊ आत गेला तर पाव्हणे वऱ्हाड माघारी नेतील."

"अन् हनीफ?"

"त्याचं त्यो बघंल. त्यो काय आपल्यातला हाय का?"

"राजे, तोंड सांभाळ! आपल्यातला कोण मग? पडलेल्याच्या हातावर बूट देणारा?"

अक्षरा पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून तिथंच उभी होती. रडत नव्हती.

"मामा, एक शब्द खोटा बोला," ती म्हणाली. "आजपर्यंत तुमच्याकडं मी काय मागितलं?"

काही मागितलं नव्हतं. चपलासुद्धा आपणहून मागितल्या नव्हत्या पोरीनं.

"अक्षरा, दुसरं काय बी माग, देतो. पण त्याला मारलं ते मारलं, वर त्यालाच गुन्हेगार करू? माझ्याच्यानं न्हाई होणार."

"मग मला मांडवात आणू नका," ती म्हणाली, अन् तोंड फिरवलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

बाहेर जमादारांनी विचारलं, "नाक कुणी फोडलं?"

"हनीफनं."

मागं राजकन्यानं सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

"पण खेळताना फोडलं, साहेब. आमचा खेळच हाय तसा. त्याला मारलं ते गोलूनं अन् त्याच्या दोस्तांनी. अन् गोलूचा हात मी मोडला. तो खेळताना न्हाई. मोडायचा म्हणूनच मोडला."

राजकन्या धावत आली अन् तिनं माझ्या फुटलेल्या नाकावरच चापट ओढली. एक, मग दुसरी. "मेलास तू मला!" डोळ्यांपुढं अंधारी आली, पण मी हात वर केला न्हाई.

जमादारांनी गोलूला जीपमध्ये घातलं. मला म्हणाले, हनीफला दवाखान्यात दाखवून सरळ ठाण्यात ये. वऱ्हाड काही माघारी गेलं न्हाई. पाव्हणे थोडे कुरकुरले, पण मुहूर्त टळू द्यायला कुणीच तयार नव्हतं.

गेटजवळ ऑटोत हनीफ कानाला शर्ट दाबून बसला होता. शर्ट भिजून गेला होता. मी शेजारी बसलो. आत कुणीतरी त्याचेच स्पीकर परत जोडले होते. भटजींचा आवाज गेटपर्यंत स्वच्छ आला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं."

माझा एक पाय आपोआप ऑटोच्या बाहेर पडला. लांबून पिवळी साडी दिसली. माझा चुलतभाऊ किशन तिचा हात धरून चालला होता. अक्षराची मान खाली होती.

हनीफनं माझी बाही ओढली.

"शिवा, आवाज फाटून राहिला का रे?" त्यानं विचारलं. "मला एका कानानं कळंना."

"न्हाई," मी म्हणालो. "साफ येतोय."