महाराजांची शाल आणि शिंप्याचा जबडा

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी वाचनालयातून निवृत्त झालेल्या पुस्तककाकांनी उत्तर धाडलं नव्हतं. लेकीच्या फिटच्या गोळ्या बंद करून तिला श्वासमहाराजांच्या पायावर घालू का, एवढंच तिनं विचारलं होतं. "दादा, तू इतकं वाचतोस, तू म्हणशील तसं करते." काकांनी अकरा मसुदे केले. प्रत्येकाची सुरुवात 'मला नक्की ठाऊक नाही, तरी' अशी, आणि तिथंच गाडं अडे. शेवटी महाराजांना एकदा डोळ्यांनीच पाहावं म्हणून ते बाजारामागच्या सभागृहात जाऊन खांबाआड उभे राहिले.

आत मुंगी शिरायला जागा नव्हती. आत्मा नाकाच्या शेंड्यावर बसतो, रुसला की उडतो आणि फक्त आपल्या हाकेला परत येतो, असं महाराज समजावत होते. इतक्यात पुढच्या रांगेतल्या शिंप्याला फिट आली. ती थांबली, पण तो उताणा पडून घोरू लागला. ओठ निळे पडले. महाराज त्याच्या डोक्याशी बसले, त्याच्या तोंडावर शाल ओढली, आत हात घातले आणि मंत्राचा गडगडाट केला. घोरणं थांबलं, छाती नीट वरखाली होऊ लागली. जयजयकार झाला.

जयजयकार ऐकला की महाराजांना राहवत नसे. मंत्र चालू ठेवून त्यांनी दोन्ही हात उंचावून आशीर्वाद दिला. शिंपी पुन्हा घोरू लागला.

"पुन्हा रुसला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

शिंपीणबाईंनी गुपचूप बोलावलेली ॲम्ब्युलन्स तेवढ्यात पोचली. नर्सनं शाल बाजूला फेकली, शिंप्याच्या जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बोटं घालून तो पुढे उचलला आणि स्ट्रेचर उलटं आणल्याबद्दल ड्रायव्हरला फैलावर घेतलं. तिची बोलणी संपायच्या आत शिंप्याचा श्वास मोकळा झाला.

काका आयुष्यात प्रथमच भरसभेत बोलले. "ताई, यात मंत्र कुठला होता?"

"मंत्र कसला? बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडते, वाट बुजते. जबडा उचलला की ती पुढं येते. या इकडे, मला सामान काढायचंय, तुम्ही धरा."

"मला नाही हो जमायचं."

"बोटं आहेत ना?"

काकांनी जबडा धरला. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, स्वतःवर तर त्याहून नव्हता. तरी शिंप्याचा गरम श्वास त्यांच्या मनगटाला लागत राहिला.

जीभ पुन्हा मागं पडू नये म्हणून नर्सनं तोंडात वाकडी नळी बसवली, वर प्राणवायूचा मास्क लावला. "महाराज, जबडा उचलणं प्रथमोपचाराच्या वर्गात दुसऱ्या दिवशी शिकवतात," ती म्हणाली. "आधी ॲम्ब्युलन्स बोलवा, हे पहिल्या दिवशी. तेव्हा दांडी मारलीत वाटतं."

लोक हसले. पण महिन्यापूर्वी महाराजांनीच नवऱ्याच्या गोळ्या बंद करायला लावल्याचं शिंपीणबाईंनी सांगितलं, तसं हसू विरलं. महाराज मागच्या दाराचा अंदाज घेऊ लागले होते.

काका तडक टपाल कचेरीत गेले आणि उभ्यानंच लिहिलं:

'गोळी एक दिवसही चुकवू नकोस. फिट आली तर तोंडात काही कोंबू नकोस. थांबली की पोरीला कुशीवर वळव आणि ॲम्ब्युलन्स बोलाव. कुणी चमत्कार करू लागला तर हात जोडण्याआधी त्याची शाल उचलून बघ.'

एकही शब्द न खोडता त्यांनी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.