धोट्याला कावीळ

मे चौऱ्याहत्तर. शुक्रवार. सुट्टीमुळे कापडाचे लूम बंद, म्हणून कामतघरच्या चाळीत माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं.

शिकवणीला जाणाऱ्या मैनाची विज्ञानाची वही, पान अकरा : 'आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस व चुन्याची निवळी. कारण – बाई उद्या सांगणार.' खाली पान कोरं.

अंबाडीहून आलेल्या एसटीतून सात माणसं उतरली. सातांचेही डोळे पिवळे.

चाळीतल्या लडकूने लूमवरचं काम सोडलं. आता तो कावीळ उतरवणारा महाराज.

हौसाच्या लेकीच्या, कमळीच्या, पोटात चार दिवस पाणीसुद्धा ठरत नाही.

चाळीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध लडकू, पुढ्यात परात, परातीत शेजारच्या मडक्यातलं नितळ पाणी. त्याने कमळीच्या हातांना 'तीर्थ' चोळलं, हात परातीत बुडवले आणि ओरडला, "काविळी गं काविळी! तुजी शिफ्ट संपली! डोल्यातून उतर, नखातून नीघ, ड्युटी सोडून घरी जा!"

पाणी हळदीसारखं पिवळं झालं. बायकांनी हात जोडले.

"निघली बग, हौसे! अजून दोन शुक्रवार."

"दवाखान्यात न्हेऊ का रं दादा? लय ओकतेय."

"सुई टोचलीस तर देवीआई कोपंल. मग मला बोल लावू नको."

गर्दीच्या मागे गोदूबाई उभ्या होत्या. मॅट्रिक झालेल्या, संध्याकाळी चाळीतल्या पोरांना घरी विज्ञान शिकवणाऱ्या. हा खेळ त्यांचाच. मार्चात पोरांना दाखवला, तेव्हा त्यांचे वासलेले आ पाहून बाईंना अशी गंमत वाटली, की कारण सांगायचं उद्यावर टाकलं. तो उद्या आलाच नाही. लडकूचा धंदा त्या दोन महिने बघत होत्या. बोललं तर लोक म्हणतील, शिकवलं कोणी? म्हणून गप्प.

मैनाने त्यांचा पदर ओढला. "बाई, तवा आपल्या तांब्यातबी हीच आई आलती ना?"

बाई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या.

"ठकुबाई, घरातला एक धोटा आणा बरं."

शेजारच्या ठकुबाईने लूमवर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा आणला. बाईंनी त्याला तीर्थ चोळलं, लडकूच्या मडक्यातलं पाणी तांब्यात घेऊन त्यात बुडवला. पाणी पिवळं.

"आगं बाय! धोट्याला कावील!" ठकुबाई म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं.

"मस्करी करता का आईची?" लडकू खवळला.

"आईची नाही, आंब्याची. तुझं तीर्थ म्हणजे सालीचा रस, मडक्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग येतो. हात कुणाचाही असो."

त्यांनी कमळीचे हात साबणाने धुतले, ताज्या निवळीत धरले. पाणी नितळ राहिलं. कमळीचे डोळे पिवळेच होते.

"मंग लोक बरी कशी व्हत्यात?" हौसाने विचारलं.

"पुष्कळांची कावीळ विश्रांतीने आपोआप उतरते. नाव परातीचं होतं. ज्यांची उतरत नाही, त्यांचे दवाखान्याचे दिवस इथे जातात."

"तुमाला कसं ठावं?"

"माझ्याच घरी बघितलं त्याने. मी कारण सांगितलं नव्हतं."

हौसाने कमळीला उचललं. "दोन म्हयने बगत व्हता तुमी, बाई?"

"हो."

हौसा कमळीला घेऊन टांग्यात बसली. टांगा दवाखान्याकडे धावला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायची होती. कमळी तीन आठवड्यांनी घरी आली, काडीसारखी होऊन, पण आली.

तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच करा : तोच एखाद्या धोट्यावर होतो का, ते बघा. आणि पोरांना शिकवत असाल, तर कारण त्याच दिवशी सांगा. दारात उभ्या असलेल्यालाही.

मार्चात तांब्यातलं पाणी पहिल्यांदा पिवळं झालं, तेव्हा लडकूने दारातून विचारलं होतं, "बाई, ह्या असा का व्हतं?" गोदूबाई म्हणाल्या होत्या, "तुला काय करायचंय? ड्युटीला जा."